‘नको’ म्हणायची किंमत : आदिवासी पाड्यावरचं मिशनकाम कसं तपासायचं

कोल्हापुरात धर्मांतराचा विषय निघाला की बोलणं दोन शब्दांवर येऊन अडतं. एक म्हणतो ‘बाटवलं’, दुसरा म्हणतो ‘सेवा केली’. ज्याची आजी मिरजेच्या मिशन दवाखान्यात वाचली तो सेवेच्या बाजूनं, आणि ज्यानं मोबाइलवर चंगाई सभेचा, म्हणजे प्रार्थनेनं रोग बरे करण्याच्या सभेचा व्हिडिओ बघितला तो दुसऱ्या बाजूनं. गंमत अशी की दोन्ही वाक्यांत आदिवासी माणूस कर्ता नाही. कुणी त्याला बाटवतं, कुणी त्याची सेवा करतं. त्यानं स्वतः काय ठरवलं, ते वाक्यात येतच नाही.

नीतीचा प्रश्न तिथून सुरू होतो. कुठला धर्म खरा, हा वाद इथं कामाचा नाही. साधं माप असं : पाड्यावर गेलेल्या माणसानं आपला धर्म पुढं ठेवला आणि समोरचा ‘नको’ म्हणाला, तर त्याचं काय जातं? काहीच जात नसेल, तर ते सांगणं झालं. औषध, पोराची वसतिगृहातली जागा, कोर्टातली मदत यातलं काही जात असेल, तर तो सौदा झाला, मग सांगणाऱ्याचं मन कितीही निर्मळ असो.

शहरात हे माप पटकन लक्षात येत नाही. राजारामपुरीत एका दवाखान्यानं प्रार्थनेला बसवलं तर माणूस उठून पलीकडच्या गल्लीत जातो. डोंगराळ आणि आदिवासी भागात सरकारी निकषच ३,००० लोकांमागे एक उपकेंद्र आणि २०,००० लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असा आहे. हे कागदावरचं. नंदुरबारच्या धडगाव-अक्कलकुव्याकडं पावसाळ्यात वाट बंद झाली की तेही लांब पडतं. तिथं औषध घेऊन पोचणारा एकच असतो, आणि एकुलत्या एकाला ‘नको’ म्हणणं महाग पडतं.

कोल्हापूरचे दोन धागे

आपल्या जिल्ह्यात आदिवासी लोकसंख्या शंभरात जेमतेम एक. तरी या विषयाशी कोल्हापूरचा संबंध जुना आहे. अमेरिकन मिशनरी रॉयल वायल्डर १८५२ साली इथं आले. त्यांचा मुलगा रॉबर्ट १८६३ मध्ये कोल्हापुरातच जन्मला. पुढं १८८६ साली अमेरिकेत विद्यार्थी स्वयंसेवकांची जी मोठी चळवळ उभी राहिली, तिच्या मुळाशी हा रॉबर्ट होता. ‘याच पिढीत साऱ्या जगापर्यंत शुभवर्तमान’ अशा अर्थाचं तिचं घोषवाक्य होतं. त्यातला ‘याच पिढीत’ हा भाग लक्षात ठेवा. घाई आणि आकडा, मिशनकामातले हे दोन रोग पुढं पुन्हा पुन्हा दिसतात. किती गावं झाली, किती बाप्तिस्मे झाले, हा हिशेब देणगीदाराला पाठवायचा म्हटलं की पाड्यावरचा कार्यकर्ता नकळत मुदतीवर काम करायला लागतो. सहा महिन्यांच्या अहवालात ‘अजून विचार करताहेत’ या रकान्याला जागा नसते.

दुसरा धागा फासेपारध्यांचा. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं इंग्रजांनी अख्ख्या जमातींवर शिक्का मारला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून अशा जमातींच्या वसाहती चालवण्याचं काम सरकारनं मुक्तिफौजेसारख्या ख्रिस्ती संस्थांकडंही दिलं. आत शाळा होती, काम होतं, प्रार्थना होती आणि दारावर हजेरी होती. त्याच काळात शाहू महाराजांनी आपल्या संस्थानात हजेरीची पद्धत मोडली, फासेपारध्यांना सोनतळीला आसरा दिला, पहाऱ्याची कामं दिली. काय पूजता, हे विचारलं नाही. गरज तीच, माणसं त्याच तऱ्हेची. फरक ‘नको’ म्हणायच्या मोकळीकीचा. कोंडलेल्या माणसानं केलेली प्रार्थना त्याची स्वतःची होती की नाही, हे त्यालाही सांगता येणार नाही.

आधी सर्दी, मग धर्म

जगापासून तुटून राहिलेल्या जमातींच्या बाबतीत प्रश्न श्रद्धेच्या आधी शरीराचा असतो. नोव्हेंबर २०१८ मध्ये जॉन ॲलन चाऊ हा अमेरिकन तरुण धर्मप्रसारासाठी अंदमानच्या उत्तर सेंटिनेल बेटावर बेकायदा उतरला आणि मारला गेला. त्या बेटाभोवती ५ सागरी मैल, म्हणजे सव्वानऊ किलोमीटरपर्यंत जायला मनाई आहे; मूळ नियम १९५६ चा. चाऊनं जाण्याआधी स्वतःला काही दिवस वेगळं ठेवल्याचं बातम्यांत आलं होतं. वाचायला जबाबदारीचं वाटतं, पण वैद्यकीय हिशेबात ते तोकडं आहे. विलगीकरणानं गोवर, फ्लू असे ताजे संसर्ग गाळले जातात. शरीरात वर्षानुवर्षं झोपलेला क्षय किंवा नागिणीच्या कुळातले विषाणू त्यानं जात नाहीत. शिवाय गोवराचा एक रोगी ज्यांच्यात प्रतिकारशक्तीच नाही अशा वस्तीत १२ ते १८ जणांना लागण देतो. बेटावर सगळे एकदम आजारी पडले तर पाणी कोण आणणार, शिकार कोण करणार? माणसं रोगानं मरतात तशीच शुश्रूषेवाचूनही मरतात.

हे अंदाजाचं बोलणं नाही. १८५८ साली पोर्ट ब्लेअरला कैद्यांची वसाहत झाली, १८७७ मध्ये गोवर पसरला, आणि हजारोंच्या संख्येत असलेले ग्रेट अंदमानी आज पन्नासाच्या आसपास उरलेत. तिथं मिशनपेक्षा सरकारचा हात मोठा होता, हेही सांगायला हवं. ब्राझीलमध्ये मात्र झोए जमातीशी थेट एका मिशनरी संस्थेनं १९८७ मध्ये संबंध जोडला. फ्लू आणि मलेरियानं माणसं दगावली, आणि १९९१ मध्ये सरकारनं संस्थेला बाहेर काढलं. अशा ठिकाणी ‘संमती घेऊन जाऊ’ हे वाक्यच पोकळ आहे, कारण संमती विचारायला जाणं हाच धोका. बाण मारणं हा नकार आहे, आणि तो पुरेसा स्पष्ट आहे.

महाराष्ट्रात अशी तुटलेली जमात नाही. कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या तिन्ही अतिअसुरक्षित मानलेल्या जमाती बाजार, शाळा, निवडणूक सगळं ओळखतात. त्यामुळं अंदमानचं उदाहरण देऊन पालघरमधल्या एखाद्या फादरला दोषी ठरवणं चुकीचं. इथले प्रश्न वेगळे आहेत.

गोळी आणि प्रार्थना एका हातानं

सगळ्यात जास्त घोळ इथं होतो. १८८९ साली आलेल्या डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय उभं केलं. दक्षिण महाराष्ट्राला त्याचा झालेला फायदा नाकारण्याचं कारण नाही. पण त्या काळच्या मिशन दवाखान्यांत एक सर्वसाधारण पद्धत होती : औषध वाटपाआधी जमलेल्या रोग्यांपुढं बायबलचं वाचन. ऐकायचं की नाही हे रोग्याच्या मर्जीवर, असं म्हणत. पण रांग तीच, खोली तीच, आणि औषध देणारा वाचनालाही हजर. मोडलेला हात घेऊन आलेला माणूस उठून जाईल कसा?

आज पाड्यावर हेच चंगाईच्या प्रार्थनेतून घडतं. पोराला जुलाब झालेत. कार्यकर्ता मीठ-साखरेची पुडी पाण्यात कालवून पाजतो आणि डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतो. पोर बरं होतं. आईला कसं कळावं काय लागू पडलं? पुढच्या वेळी पुडी मिळाली नाही तरी ती प्रार्थनेवर थांबते. क्षयात हे जिवावर बेततं. साध्या क्षयाची नेहमीची औषधं सहा महिन्यांची. दोन महिन्यांत ताप जातो, भूक लागते, वजन वाढतं. तेवढ्यात ‘बरा झाला’ अशी साक्ष सभेत दिली गेली की गोळ्या सुटतात, आणि परत येतो तो औषधाला दाद न देणारा क्षय. मिरगीचंही तसंच, गोळी अचानक सोडली की झटके जोरात येतात.

भगताकडं बोट दाखवून पाद्र्याला सोडणं किंवा उलट करणं, दोन्ही लबाडी. महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा धर्म बघत नाही. साप, विंचू, कुत्रा चावल्यावर माणसाला उपचारापासून अडवून मंत्र-तंत्र केला तर सहा महिने ते सात वर्षं कैद आणि ५,००० ते ५०,००० रुपये दंड, मग करणारा गळ्यात माळ घालो की क्रूस.

यावरचा इलाज अवघड नाही, पण मिशनरी संस्थांना तो रुचत नाही : औषधाचा वार आणि उपासनेचा वार वेगळा, जागा वेगळी, आणि शक्यतो माणूसही वेगळा. औषधाच्या वहीत रोग्याचा धर्म लिहायचा नाही. एवढं केलं तर ‘नको’ फुकट म्हणता येतं. खुद्द चर्चचे नियमही हेच सांगतात. १९६५ साली व्हॅटिकन परिषदेनं धर्मस्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात बजावलं की गरीब आणि अशिक्षित माणसांपुढं श्रद्धा मांडताना दडपणाचा वासही येता कामा नये. २०११ मध्ये कॅथलिक, प्रोटेस्टंट आणि इव्हँजेलिकल जागतिक संस्थांनी मिळून काढलेल्या पत्रकातही आमिषाला आणि गरजेचा फायदा घ्यायला स्पष्ट नकार आहे. म्हणजे मिशनला जाब विचारायला बाहेरची नीती आणावी लागत नाही, त्यांचीच पुरते.

पोर, शाळा आणि लिपी

मिझोराममध्ये १८९४ साली आलेल्या दोन मिशनऱ्यांनी मिझो भाषेला रोमन लिपी दिली. २०११ च्या जनगणनेत त्या राज्याची साक्षरता ९१ टक्क्यांवर होती. आपली भाषा लिहिता येणं ही मोठी ताकद आहे, आणि हे श्रेय द्यायलाच हवं. पण लिपी देणारा आधी काय छापतो? बायबल. मग जमातीची जुनी गाणी, वंशावळ्या, पेरणीचे मंत्र तोंडीच राहतात आणि एका पिढीत ‘जुनाट’ ठरतात. नागा टेकड्यांत बाप्टिस्टांनी तरुणांची मोरुंग घरं, तांदळाची बिअर, मानाच्या मेजवान्या या सगळ्यावर बंदी घातली. मुंडकी तोडण्याची प्रथा गेली हे बरंच झालं. पण मोरुंग ही शाळाही होती. वाईट फांदी छाटताना बुंधा गेला.

मूल घरापासून तोडलं की नुकसान सगळ्यात खोल. कॅनडात सरकारी पैशावर आणि बहुतांश चर्चच्या देखरेखीखाली चाललेल्या निवासी शाळांत दीड लाखांवर आदिवासी मुलं नेली गेली. आपली भाषा बोलल्याबद्दल मार मिळे. जुलै २०२२ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी तिथं जाऊन माफी मागितली. आपल्याकडं लहान मुलांना घरापासून लांब नेणाऱ्या आश्रमशाळा सरकारच चालवतं, आणि पावरी किंवा माडिया बोलणाऱ्या पोराला पहिल्याच दिवशी प्रमाण मराठीत बसवतं. तिथं क्रूस नसतो एवढंच.

कायद्यात एक तरतूद पालकांना सांगण्यासारखी आहे : संविधानाचं कलम २८(३). सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत मुलाला धार्मिक शिक्षणाला वा उपासनेला बसवायचं तर पालकाची संमती लागते. प्रवेशाच्या वेळी अंगठा घेतलेल्या गठ्ठ्यात हा कागद असतो का आणि तो वाचून दाखवला होता का, हे विचारावं.

जमिनीचा खटला

छोटा नागपूरचं, म्हणजे आजच्या झारखंडकडचं उदाहरण सगळ्या बाजूंना अडचणीत आणतं, म्हणून थांबून बघण्यासारखं आहे. तिथं मुंडा-उरांवांच्या जमिनी जमीनदार आणि सावकार गिळत होते. जर्मन गॉसनर मिशन रांचीला १८४५ मध्ये आलं. १८८५ मध्ये कॉन्स्टंट लिव्हन्स हे बेल्जियन जेसुइट, म्हणजे एका कॅथलिक संघाचे पाद्री आले आणि त्यांनी जमिनीच्या दाव्यांत लोकांना कायद्याची मदत द्यायला सुरुवात केली. हजारो लोक ख्रिस्ती झाले. आमिष का? लोक मूर्ख नव्हते. सरकार आणि जमीनदार दोघंही ऐकत नसताना गोरा पाद्री कोर्टात वजन टाकतो, हे त्यांनी हेरलं. ते वापरले गेले तसं त्यांनीही मिशनला वापरलं. आणि मुंडा सरदारांना जेव्हा वाटलं की पाद्री जमिनीच्या लढ्यात शेवटपर्यंत येत नाहीत, तेव्हा ते बाहेर पडले. चाईबासाच्या मिशन शाळेत शिकलेला बिरसा मुंडाही बाहेर पडला. १८९९ च्या नाताळच्या आदल्या रात्री उलगुलानचे, म्हणजे त्याच्या उठावाचे बाण चर्चच्या दिशेनंही सुटले.

आणि तरीही : १९०८ चा छोटा नागपूर कुळकायदा, जो आजही तिथल्या आदिवासी जमिनीची ढाल आहे, त्याच्या घडणीत फादर जॉन हॉफमन या जेसुइटाचा हात होता. मुंडारी संस्कृतीचा त्यांनी प्रचंड कोश रचला. आता हे मिशन चांगलं की वाईट? आमचं मत : कायद्याची मदत बरोबर होती, ती धर्माच्या दारातून देणं चूक होतं, आणि हॉफमनांचं कायद्याचं काम टिकलं कारण त्याचा लाभ ‘नको’ म्हणणाऱ्या मुंडालाही मिळाला.

महाराष्ट्रात जमिनीची दुसरी बाजू बघावी लागते. प्रार्थनाघर बांधायला एखादा भक्त आपली गुंठाभर जमीन देतो. जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ प्रमाणं आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीकडं जाताना जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते, आणि पाच वर्षांपर्यंतचा भाडेपट्टा किंवा गहाण सोडलं तर शासनाचीही मान्यता. ट्रस्ट कोल्हापूरचा असो की पुण्याचा, मंदिराचा असो की चर्चचा, तोंडी दानावर भिंती उभ्या केल्या की पुढं त्या कुटुंबाच्या वारसांत आणि ट्रस्टात तंटा ठरलेला.

कायदा कुठवर पोचतो

कलम २५ धर्म मानायचं, आचरायचं आणि त्याचा प्रसार करायचं स्वातंत्र्य देतं. १९७७ च्या स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की प्रसार म्हणजे आपली तत्त्वं पोचवणं. दुसऱ्याला धर्मांतरित करण्याचा तो हक्क नव्हे. ओडिशानं १९६७ मध्ये आणि मध्य प्रदेशानं १९६८ मध्ये जबरदस्ती, फसवणूक, आमिष यांविरुद्ध कायदे केले. त्याआधी मिशनरी कामाची चौकशी करणाऱ्या नियोगी समितीचा १९५६ चा अहवाल गाजला होता. या कायद्यांची अडचण अशी की आमिषाची व्याख्या सैल ठेवली तर दवाखानाही आमिष ठरतो, आणि घट्ट केली तर रांगेतलं वाचन निसटतं. शिवाय धर्मांतराची सूचना द्यायची ती अधिकाऱ्याला. म्हणजे वाक्यात आदिवासी पुन्हा कर्ता नाही, कर्मच.

एक गैरसमज कोल्हापुरात हमखास ऐकू येतो : ‘ख्रिस्ती झाला की सवलती जातात.’ अनुसूचित जातींच्या बाबतीत १९५० च्या आदेशात धर्माची अट आहे, अनुसूचित जमातींच्या बाबतीत नाही. धर्म बदलला म्हणून आदिवासी दाखला आपोआप जात नाही. २००४ साली सर्वोच्च न्यायालयानं हेच सांगून, माणूस जमातीच्या चालीरीतींत राहिला आहे का हे बघायला सांगितलं. अशांना यादीतून काढा, ही मागणी वेगळी आणि जुनी आहे. तिचा नैतिक कस त्याच मापानं लावावा. धर्म बदलल्यावर दाखला जाणार असेल, तर ती ‘हो’ म्हणायची किंमत झाली, आणि तीही दडपणच.

माप सगळ्यांना एकच लागतं. १९५२ मध्ये जशपूरला रमाकांत देशपांडे यांनी वनवासी कल्याण आश्रम काढला, तो मिशनला उत्तर म्हणूनच. त्याच्या वसतिगृहातल्या पोराला सकाळच्या प्रार्थनेला ‘नको’ म्हणता येतं का? स्वतःचा धर्म सरना, म्हणजे आदिवासींचा निसर्गपूजक धर्म आहे असं २०११ च्या जनगणनेत सुमारे ४९ लाख लोकांनी लिहिलं. त्यांना स्वतःला ख्रिस्ती म्हणवून घ्यायचं नाही आणि हिंदूही नाही. त्यांच्यासाठी वेगळा रकाना नव्हता, तरी ‘इतर’मध्ये त्यांनी तो लिहून घेतला. आणि ज्यांनी जानेवारी १९९९ मध्ये ओडिशातल्या मनोहरपूरला ग्रॅहम स्टेन्स यांना दोन कोवळ्या मुलांसह गाडीत जाळलं, त्यांना आदिवासी संस्कृतीचं नाव घ्यायचा अधिकार नाही.

वर्गणी, मोह आणि माती

पाड्यावरचे खरे तंटे बायबलवरून होत नाहीत, वर्गणीवरून होतात. जोतिबाच्या यात्रेला किंवा गावच्या म्हाईला एखाद्या घरानं पट्टी नाकारली तर काय होतं, हे आपल्याकडं कुणाला सांगायला नको. पाड्यावर हे अधिक घट्ट असतं. वाघदेवाची किंवा याहामोगी देवीची पूजा ही एका घराची नसते; सगळ्यांनी मिळून केली तरच ती पेरणीला, गुरांना लागते अशी समजूत. मोहाच्या दारूचे चार थेंब जमिनीवर सांडल्याशिवाय लग्नाची बोलणी पुरी होत नाहीत. पास्टर म्हणतो दारू पाप, मूर्तीपुढचा नैवेद्य पाप. बाकी गाव म्हणतं, मग पैऱ्यालाही, म्हणजे एकमेकांच्या शेतात राबायलाही येऊ नका. शेतीचं काम एकमेकांच्या अंगमेहनतीवर चालणाऱ्या ठिकाणी पैऱ्यातून बाहेर पडणं म्हणजे लावणी बुडणं. इथं ‘हो’ म्हणायची किंमत गाव वसूल करतं.

काही ठिकाणी समंजस वाटा निघू शकतात. पूजेची पट्टी वेगळी, पाणवठा-रस्त्याची पट्टी वेगळी, आणि दुसरी सगळ्यांनी द्यायची. पूजेला हात न लावता जेवणाचा सरपण-पाण्याचा भाग ख्रिस्ती घरांनी उचलायचा. दारूऐवजी पाणी सांडलं तर जुनी माणसं चालवून घेतील का, हे त्यांनाच विचारायचं. पास्टर बाहेरगावचा असेल तर या बोलण्यांत तो मागं बसलेला बरा.

मातीचा प्रश्न मात्र आधीच सोडवावा लागतो. बस्तरमधल्या एका गावात एका पाद्र्याचं निधन झालं, गावानं दफनाला नकार दिला, आणि देह जवळजवळ तीन आठवडे शवागारात राहिला. २७ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचं मत दुभंगलं आणि अखेर दफन गावापासून लांबच्या ख्रिस्ती दफनभूमीत करायचा आदेश झाला. आदिवासी भागातल्या ग्रामसभांसाठीचा पेसा कायदा १९९६ पासून ग्रामसभेला आपल्या चालीरीती जपायचा अधिकार देतो, आणि मेलेल्या माणसाला आपल्या गावात जागा मिळावी ही अपेक्षाही खोटी नाही. ज्या पाड्यावर दोन-चार घरं ख्रिस्ती झालीत, तिथं दफनाची जागा ग्रामसभेत ठरवून, हद्द आखून, ठरावाची नक्कल तलाठ्याकडं द्यायची. आणि हे सगळं पहिलं मरण येण्याआधी, कारण अंगणात तिरडी असताना कुणीच नीट मोजत नाही.